डावा प्लग पांढरा : बेळगावातल्या एका राजदूत ३५०च्या कार्बोरेटर ट्यूनिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० बी वरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून आपल्याकडे बनवलेली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. ही १९८५ची. आधीच्या हाय टॉर्क गाड्या ३०.५ बीएचपीच्या, नंतरच्या लो टॉर्क २७च्या. आपली हाय टॉर्कच आहे असं मालकांचं ठाम म्हणणं आहे आणि त्या वादात मी पडत नाही. लोक तिला व्हिंटेज म्हणतात. २०२१च्या नियमांप्रमाणे त्या शब्दाला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात, तेव्हा अजून दहाएक वर्षं ती नुसतीच जुनी.

मालक निवृत्त हायस्कूल शिक्षक, घर टिळकवाडीत. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून इथेही सर. गाडी अकरा वर्षं घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. निवृत्तीनंतर सरांनी ती उभी करायचं मनावर घेतलं. बोअरिंग, नवे पिस्टन-रिंगा, क्लच प्लेटा हे इंजिनकाम बाहेरगावच्या एका वर्कशॉपने केलं. रंग, क्रोम आणि वायरिंग बेळगावातच झालं. इंजिनला ऑइल वेगळं पुरवणारा मूळ ऑटोल्यूब पंप सरांनी हट्टाने ठेवला, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही म्हणाले. शेवटी दोन मिकुनी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारे भाग, जुळवायचं काम माझ्याकडे आलं. माझं उद्यमबागेत लेथचं छोटं शॉप आहे, जुन्या गाड्या हा रविवारचा नाद. मी हे ज्यांच्याकडे शिकलो ते शहापूरचे मिस्त्री आता सत्तरीत आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात.

अडचण

थंड गाडी दुसऱ्या किकला चालू व्हायची. दहा मिनिटं तापली की रेस खाली येईना. एक्सलेटर सोडला तरी इंजिन दोन-अडीच हजारांवर लोंबकळत राहायचं आणि मग हळूहळू उतरायचं. सावगाव रोडला पाच किलोमीटर जाऊन आल्यावर स्पार्क प्लग काढले. उजवा कुंद्याच्या, म्हणजे आपल्या खव्याच्या मिठाईच्या तपकिरी रंगाचा, हवा तसा. डावा खडूसारखा पांढरा.

टू-स्ट्रोकवाल्याला पांढरा प्लग काय सांगतो हे समजावावं लागत नाही. त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त जातेय, म्हणजे मिश्रण लीन आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही त्याच मिश्रणाबरोबर आत येतं आणि पेट्रोल स्वतः पिस्टन थंड ठेवायला मदत करतं. लीन चाललेलं इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि एके दिवशी भर रस्त्यात धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो.

पहिली फेरी : मी काय केलं

सुरुवात नेहमीसारखी. दोन्ही कार्ब खोलून धुतले. जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या नळीच्या, भोकातून तार घालायची नाही, फक्त हवा मारायची. फ्लोटची उंची दोन्हीकडे एक केली. नीडलची क्लिप दोन्हीकडे मधल्या खाचेत. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत आणि मग दीड फेरा बाहेर.

नंतर दोन्ही कार्बच्या स्लाइड (एक्सलेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपा) एकाच वेळी उचलतात का ते बघितलं. आरडीची एक्सलेटर केबल हँडलपासून एक येते आणि पुढे तिच्या फांद्या फुटतात, दोन कार्बना आणि एक ऑइल पंपाला. मामांची जुनी रीत अशी की तीन मिमीच्या ड्रिलच्या दोन बिटा घ्यायच्या आणि त्यांचा गुळगुळीत बुंधा एकेका स्लाइडखाली अडकवायचा. मग एक्सलेटर केसभर फिरवायचा. दोन्ही बिटा एकदम खाली पडल्या पाहिजेत. उजवी आधी पडली. डाव्या केबलचा अॅडजस्टर पाव फेरा फिरवल्यावर दोन्ही एकत्र पडल्या, खाली ठेवलेल्या ताटलीत टण् टण् नाही, एकच टण्.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढे एक बाजू बंद करून दुसऱ्या सिलिंडरवर रेस लावायला घेतली. (काढलेल्या प्लगची वायर बॉडीला टेकवून ठेवायची, नाहीतर कॉइल जाते.) उजव्याचा एअर स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे केला की आवाज लगेच बदलायचा. डाव्याचा फिरवून फिरवून जवळजवळ पूर्ण आत गेला, म्हणजे हवा तोडून मिश्रण दाट केलं, तेव्हा कुठे इंजिन थोडं ऐकायला लागलं.

निर्णयाची पहिली जागा ही होती, आणि मी चुकलो तो इथेच. दोन कार्ब एकाच मापाचे. जेट तेच, फ्लोट तेच, नीडल तीच. तरी डाव्याला जादा पेट्रोल लागत होतं. का लागतंय हे विचारायच्या ऐवजी मी ते देत गेलो. डाव्या नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली म्हणजे नीडल वर आली आणि मधल्या एक्सलेटरला मिश्रण रिच, म्हणजे दाट, झालं. कमी रेसला पेट्रोल देणारा डावा पायलट जेट एक नंबर मोठा घातला. इनटेकच्या रबराभोवती कार्ब क्लीनर मारून बघितला, कारण तिथून हवा ओढत असेल तर रेस बदलते. बदलली नाही. तेवढ्यावर हवा कुठून गळत नाही असा मी निकाल लावला.

प्लग आता जरा तपकिरी दिसायला लागला. रेस थोडी लोंबकळत होती, तरी 'जुनी गाडी, नवीन रिंगा, बसेल' अशी मी स्वतःची समजूत घातली. मामा येऊन बघून गेले. डोकं खाजवत म्हणाले, "दोन्ही कार्ब एकच हाईत न्हवं? मग एकालाच जास्ती कशाला लागूलंय?" मी म्हटलं, डावा कार्ब झिजला असेल. त्यावर ते काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे पटलेलं नसतं, हे मला वीस वर्षांत कळायला हवं होतं.

चोर्ला

डिसेंबरात सरांनी चोर्ला घाटाने गोव्यातल्या साखळीपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. पिरनवाडी, किणये, कुसमळीचा पूल, जांबोटी, कणकुंबी. इथपर्यंत गाडी मस्त होती, सरांचा तसा फोनही आला. घाट उतरताना त्यांनी तिसरा गिअर टाकून एक्सलेटर पूर्ण सोडला आणि इंजिनच्या ब्रेकवर गाडी उतरवली. फोर-स्ट्रोकवर ही चांगली सवय आहे. केरीच्या पुढे सपाटीला लागल्यावर सत्तरच्या वेगाने दोन-तीन किलोमीटर गेले असतील, तोच डाव्या बाजूने खर्र आवाज आला आणि मागचं चाक क्षणभर अडलं. सरांची दोन बोटं नेहमी क्लचवर असतात, म्हणून पडले नाहीत. अर्ध्या तासाने गाडी चालू झाली, पण डाव्याला दम नव्हता.

गाडी पिकअपमधून वर आणली. नाक्यावर ताडपत्री उचलायला लावली. गोव्याकडून ताडपत्री झाकून येणाऱ्या गाडीत जे असतं ते न मिळता मोटरसायकल मिळाल्यावर तिथल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, असं सर सांगतात.

रात्री आम्ही तिघे बसलो. सरांचा तर्क साधा होता. बेळगाव साडेसातशे मीटरवर, साखळी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. वर हवा विरळ, खाली दाट. वर जुळवलेला कार्ब खाली लीन होणारच. तर्क बरोबर आहे, पण आकडा मांडला तर भीती कमी होते. साडेसातशे मीटरवर हवेची घनता सुमारे सात टक्क्यांनी कमी असते. कार्बोरेटरमधून येणारं पेट्रोल त्या घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने बदलतं, म्हणून मिश्रणात फरक पडतो तीन-चार टक्क्यांचाच. ठणठणीत इंजिन एवढ्याने धरत नाही.

आजच्या पेट्रोलचा फरक याहून मोठा आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पुरतं जळायला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच. वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल घातलं की १९८०च्या दशकातल्या जेटवर मिश्रण आपोआप सात-आठ टक्के लीन होतं. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर ज्या उसाच्या ट्रॉल्यांमागे आपण तासभर रखडतो, त्याच उसाचा थोडा हिस्सा फिरून आपल्या टाकीत येतो. बेळगावात उंचीमुळे मिश्रण थोडं दाट होतं आणि इथेनॉलमुळे पातळ, म्हणजे एक दुसऱ्याला निम्मंअर्धं झाकतं. घाट उतरला की ते झाकण निघतं.

एवढं सगळं धरलं तरी उजवा सिलिंडर ठणठणीत होता. हवा तीच, पेट्रोल तेच, घाट तोच. धरला डावाच.

पर्याय

पहिला पर्याय : डाव्याचा मेन (पूर्ण एक्सलेटरचा) जेट दोन नंबर मोठा घालायचा आणि पुढे जायचं. सरांचा कल इकडे होता, कारण इंजिन पुन्हा उघडायची त्यांची तयारी नव्हती. माझाही मोह तोच होता. पण आदल्या वेळी मी हेच तर केलं होतं.

दुसरा : गोव्यासाठी वेगळा जेटचा सेट ठेवायचा. घाट उतरताना कुणी कार्ब खोलत बसत नाही. हा पर्याय कागदावरच चांगला.

तिसरा मामांनी काढला. "क्रँकचं सील बदलल्यालं हाय का, विचार." बाहेरगावच्या वर्कशॉपचं बिल सरांनी फाइलमधून काढलं. सरांच्या घरी प्रत्येक कागदाला फाइल असते. बोअरिंग होतं, पिस्टन होते, गॅस्केट किट होतं. क्रँक सील नव्हतं. अकरा वर्षं उभ्या गाडीतल्या रबराची काय अवस्था होत असेल, याचा विचार आम्हा कुणालाच आला नव्हता.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँककेस हा पंपच असतो. पिस्टन वर जाताना तो मिश्रण आत ओढतो, खाली येताना वर ढकलतो. क्रँकच्या टोकाचं रबर सील कडक झालं की तो पंप तिथूनही हवा ओढतो. आरडीच्या उजवीकडे क्लच आहे. तिकडचं सील गेलं की गिअरचं ऑइल आत येतं आणि सायलेन्सर पांढरा धूर ओकतो, लगेच कळतं. डावीकडे अल्टरनेटर, म्हणजे कोरडी बाजू. तिकडचं सील गेलं की नुसती हवा आत येते. धूर नाही, डाग नाही, प्लग तेवढा पांढरा. आणि ते सील अल्टरनेटरच्या मागे लपलेलं असल्यामुळे मी इनटेकवर मारलेला कार्ब क्लीनर तिथवर पोचायचा प्रश्नच नव्हता.

घाटातही गणित असंच जुळत होतं. एक्सलेटर बंद आणि इंजिन जोरात फिरतंय, अशा वेळी कार्बकडून जवळजवळ काहीच येत नाही आणि क्रँककेसमधला ओढा वाढतो, मग गळतीचा हिस्सा सगळ्यात मोठा असतो. ऑटोल्यूब पंपही एक्सलेटरला जोडलेला, त्यामुळे त्याच वेळी ऑइलही सर्वांत कमी. दहा किलोमीटर उतार डाव्या पिस्टनने असा काढला आणि खाली जाऊन त्याच्यावर लगेच भार पडला.

तपासणी

सील गेलं असा अंदाज करून इंजिन उघडणं मला पटेना. एकदा अंदाजावर चाललो होतो. उपाय क्रँककेसमध्ये हवा भरून बघण्याचा. सगळी भोकं बंद करायची, सुमारे सहा पीएसआय दाब द्यायचा आणि किती टिकतो ते बघायचं. मिनिटाला एक पीएसआयपर्यंत उतरला तर चालतं. एवढ्या कमी दाबाचा गेज माझ्याकडे नव्हता. कंप्रेसरच्या गेजवर सहा पीएसआय म्हणजे काटा जागचा हलल्यासारखाही वाटत नाही.

सरांच्या घरी चहा पिताना टेबलावर काकूंचं बीपी बघायचं जुनं यंत्र दिसलं. रबरी फुगा, गोल डायल, ३०० पर्यंत आकडे. पाऱ्याचे ३०० मिमी म्हणजे ५.८ पीएसआय. आम्हाला हवं तेवढंच माप, फुगा आणि सोडायचा स्क्रू सकट. काकू म्हणाल्या, "न्या की, पण मग माझा बीपी कशानं बघू?" सर म्हणाले, गाडी चालू झाली की कमी होईल.

सहा मिमी अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या दोन प्लेटा कापून इनटेकवर बसवल्या, मध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर. एका प्लेटमध्ये ट्यूबचाच निप्पल बसवून त्याला बीपीची नळी लावली. एक्झॉस्टला बोल्ट आवळला की फुगणारे रबरी बूच. दोन्ही सिलिंडर एकत्रच बंद करावे लागले, कारण या क्रँकच्या मधोमध लॅबिरिंथ सील असतं. ते घासत नाही, तसं हवा पूर्ण अडवतही नाही.

मामांनी फुगा दाबत काटा ३०० वर नेला आणि हात काढला. काटा थांबलाच नाही. मनगटावरच्या घड्याळात पंधरा सेकंद व्हायच्या आत १८० च्या खाली. अल्टरनेटर आधीच काढून ठेवला होता. पुन्हा दाब भरून मी ब्रशने डाव्या सीलवर साबणाचं पाणी लावलं. खालच्या बाजूला फेसाची एक माळ उगवली आणि फुगतच राहिली. लहान मुलं नळीने फुगे करतात तशी. मामा चष्मा वर करून तिच्याकडे बराच वेळ बघत होते. "हितनं श्वास घेऊलालतं बघ," एवढंच म्हणाले.

निर्णयाची दुसरी जागा

सील बाहेरून उपसून काढायचं, की क्रँककेस दोन भागांत उघडायची? बाहेरून काढलं तर एक दिवसाचं काम. पण या सीलला बाहेरच्या अंगाला कड असते, ती केसच्या खाचेत बसते. बाहेरून नवीन घालायचं तर ती कड कापावी लागते, आणि कड कापलेलं सील पुढे सरकू शकतं. मामांनी असं काम तरुणपणी खूप केलंय. दोन-तीन परतही आली, हेही तेच सांगतात.

सरांना खर्च सांगितला, वेळ सांगितला. त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही तुमच्या गाडीला काय कराल?" मी म्हटलं, उघडेन. पिस्टन तसाही बाहेर काढायचाच होता. क्रँककेस आडवी दुभागते, त्यामुळे क्रँक उचलून दोन्ही टोकांची सीलं कड शाबूत ठेवून बसवता आली. उजवं सील अजून ठीक होतं, तेही बदललं.

बाकीचं पटकन सांगतो. डाव्या भिंतीवर पिस्टनचं अॅल्युमिनियम चिकटलं होतं, बोअर वाढवून पुढच्या मापाचा, म्हणजे ०.२५ मिमी ओव्हरसाइज, पिस्टन दोन्हीकडे घातला. अल्टरनेटरबरोबर पॉइंटही निघाले होते, म्हणून स्पार्कचं टायमिंग दोन्ही सिलिंडरचं वेगवेगळं, डायल गेज लावून पुन्हा जुळवलं. बीपीचं यंत्र परत लावलं. ३०० वरून एका मिनिटात २९०.

मग पुन्हा कार्बोरेटर

डाव्यातला मोठा पायलट जेट काढला, नीडलची क्लिप मधल्या खाचेत आणली. दोन्ही कार्ब पुन्हा एकसारखे. बिटा लावून स्लाइड जुळवल्या. डाव्याचा एअर स्क्रू या वेळी उजव्यासारखाच वागला, दीड फेऱ्यावर नेमकी जागा सापडली. उजवा सव्वा फेऱ्यावर. एवढा फरक कोणत्याही दोन कार्बमध्ये असतो.

इथेनॉलसाठी मेन जेट मात्र एक नंबर मोठा घातला, दोन्हीकडे सारखाच. बेळगावात त्यामुळे पूर्ण एक्सलेटरला गाडी किंचित दाट चालते, वरच्या रेसला थोडी घोगरी वाटते. सरांना ते खटकलं. मी सांगितलं की हा घोगरेपणा केरीच्या सपाटीसाठी राखून ठेवलाय.

निष्पत्ती

पाचशे किलोमीटर दमाने चालवल्यावर प्लग काढले. दोन्ही कुंद्याच्या रंगाचे, उजवा किंचित जास्त भाजलेल्या कुंद्याचा. तापलेल्या गाडीची रेस एक्सलेटर सोडला की लगेच खाली येते. फेब्रुवारीत सर पुन्हा चोर्ल्याने साखळीला जाऊन आले. उतारावर दर दोन-तीन वळणांनी क्लच दाबून एक्सलेटरला हलका झटका द्यायचा, म्हणजे सिलिंडरला ऑइल मिळतं, हे त्यांना शिकवलं होतं. ते सांगतात, मागच्या गाडीवाल्याला वाटलं म्हातारा शायनिंग मारतोय.

वेगळं काय करता आलं असतं

हवा भरून बघायची तपासणी कार्बला हात लावायच्या आधी व्हायला हवी होती. त्याला एक दुपार लागते. ती न केल्यामुळे एक बोअरिंग वाया गेलं आणि सर भर रस्त्यात पडता पडता वाचले. वर्कशॉपने सील बदललं नाही, हे खरं. पण बिल माझ्याही हातात आलं होतं आणि त्यात काय नाही ते मी वाचलं नव्हतं.

डाव्याचा एअर स्क्रू पूर्ण आत जातोय हे दिसलं त्याच क्षणी काम थांबवायला हवं होतं. मी डाव्याला रिच केलं त्याने रोग बरा झाला नाही, प्लगचा रंग तेवढा झाकला गेला. पांढराच राहिला असता तर सर चोर्ल्याला गेलेच नसते. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

मामांशी अजून एका गोष्टीवर मतभेद आहे. उजव्या बाजूला काही झालं नव्हतं, मग तिकडचं बोअरिंग कशाला वाढवलं, असं ते म्हणतात. दोन्ही पिस्टनचं वजन आणि माप एक असावं हे माझं म्हणणं. उजवीकडे पुढच्या वेळेसाठी अजून एक ओव्हरसाइज शिल्लक ठेवायचा तर मामांचं बरोबर, असं आता वाटतं.

काकूंना सरांनी नवीन डिजिटल यंत्र आणून दिलं. जुनं माझ्या शॉपमध्ये खिळ्याला टांगलंय, इनटेकच्या दोन प्लेटा आणि रबरी बुचांसकट. गेल्या महिन्यात अनगोळच्या एकाची येझदी आली, रेस खाली येत नाही म्हणून. कार्बला हात न लावता आधी फुगा दाबला. काटा ३०० वर जागचा हलला नाही, तेव्हा मग स्क्रूड्रायव्हर घेतला.